ससे किती? युरोपातील एका उतरत्या रेघेची गोष्ट

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना दरवर्षी जगातल्या पाळीव जनावरांचे तक्ते प्रसिद्ध करते. गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, डुकरे, कोंबड्या अशा ओळखीच्या रकान्यांनंतर एक थोडा अनोळखी रकाना येतो. इंग्रजीत त्याचे नाव आहे 'रॅबिट्स अँड हेअर्स'. याचे मराठी करायला बसलो तर 'ससे आणि ससे' असे होते! रॅबिट आणि हेअर या दोन वेगळ्या प्राण्यांना आपल्या भाषेत एकच शब्द आहे. त्याला कारणही आहे. रॅबिट हा आपल्या देशातला मूळचा प्राणीच नाही. आपल्या माळरानावर, ज्वारीच्या धांड्यांतून टुणकन उडी मारून पळतो तो हेअर. कासवाशी शर्यत लावणारा ससा हाच, सिंहाला विहिरीत आपले प्रतिबिंब दाखवणाराही हाच आणि चंद्राला 'शशांक' हे नाव मिळाले तेही याच्यामुळे. पिंजऱ्यात बसून गाजर कुरतडणारा पांढरा, लाल डोळ्यांचा ससा मात्र युरोपातून आलेला रॅबिट.

या लेखापुरते रॅबिटला आपण 'ससा' म्हणू आणि हेअरला 'माळससा'.

विषय आहे या रकान्यातील आकड्यांचा, तोही युरोपपुरता. सशाचे मांस खाण्याची आणि त्यासाठी ससे पाळण्याची जुनी परंपरा इटली, फ्रान्स, स्पेन, बेल्जियम, माल्टा या देशांत आहे. तिथल्या आकड्यांचा आलेख काढला की रेघ खाली उतरताना दिसते. आकडा कमी झाला म्हणजे ससे कमी झाले, इतके ते सरळ वाटते. पण ही रेघ नेमके काय सांगते हे शोधू लागलो की गणित, जीवशास्त्र आणि समाजशास्त्र अशा तिन्ही तासांना पुरेल इतके काही हाती लागते.

आधी रकान्याच्या नावाचा निकाल लावू. तिथे 'ससे आणि माळससे' असे लिहिलेले असले तरी आतला आकडा जवळजवळ सगळा सशांचा असतो. माळससे पाळणे फार अवघड. ससा जमिनीखाली बिळांचे जाळे करून कळपाने राहतो. मादी गवत आणि स्वतःच्या अंगावरची लव यांचे मऊ अंथरूण करते आणि ३१ दिवसांच्या गर्भकाळानंतर त्यात पिल्ले घालते. पिल्ले उघडी, डोळे मिटलेली, अगदी परावलंबी असतात. बिळाऐवजी लाकडी खोके दिले तरी तिला चालते. माळससा बीळ करत नाही. तो एकटा राहतो, गवतातल्या खोलगट जागेत अंग चोरून बसतो आणि धोका दिसला की वाऱ्यासारखा पळतो. युरोपातल्या माळसशाचा गर्भकाळ ४१-४२ दिवसांचा असतो. पिल्ले जन्मतःच केसाळ, डोळे उघडे असलेली, थोड्याच वेळात हालचाल करू लागणारी. आई दिवसातून साधारण एकदा, संध्याकाळच्या सुमारास, दूध पाजायला येते. दोघांच्या गुणसूत्रांची संख्याही वेगळी: सशाची ४४, माळसशाची ४८. त्यांचा संकर होत नाही. पळण्यासाठी घडलेला, एकांतप्रिय आणि लगेच बिथरणारा प्राणी पिंजऱ्यात ठेवून त्याची पैदास करणे परवडत नाही. इटली आणि फ्रान्समध्ये माळससे पाळतात ते शिकारीच्या रानात सोडण्यासाठी, आणि तेही थोडे. आपल्या तर्कशास्त्रात नसलेल्या वस्तूचे उदाहरण म्हणून 'शशशृंग', म्हणजे सशाचे शिंग, सांगतात. मांसासाठी पाळलेल्या माळसशांचा आकडाही जवळपास त्याच जातीचा आहे.

राहिले ससे. आता एक कोडे पाहा.

मार्च २०१७ मध्ये युरोपीय संसदेने पाळीव सशांना पिंजऱ्यातून सोडवण्यासाठी किमान नियम करावेत असा ठराव मंजूर केला. युरोपीय संघात त्या वेळी २८ देश होते. या संघात दरवर्षी तीस कोटींहून अधिक ससे मांसासाठी मारले जातात, असा आकडा त्या चर्चेत सर्वत्र दिला जात होता. त्याच वर्षी युरोपीय आयोगाने सशांच्या व्यावसायिक पालनाबद्दल एक आढावा प्रसिद्ध केला. त्यात २०१६ सालचा आकडा होता सुमारे १८ कोटी. त्यांपैकी ११ कोटी ९० लाख व्यावसायिक शेतांवरचे आणि ६ कोटी १० लाख लोकांच्या परसात, घरच्यासाठी वाढवलेले.

प्रदेश तोच, प्राणी तोच, काळही तोच. तरी एका आकड्यात दुसरा जवळजवळ दोनदा मावतो. यातला एक आकडा खोटा आणि दुसरा खरा असे मानून मोकळे होण्याचा मोह होतो. तसे करू नये. आकडे कसे तयार होतात ते पाहिले पाहिजे.

शाळेचा पट आणि सशांचा पट

गाय मोजणे सोपे आहे. ती वर्षानुवर्षे गोठ्यात असते, वर्षाला फार तर एक वासरू देते. जानेवारीत मोजा की जून महिन्यात, गावातल्या गाईंचा आकडा फारसा बदलत नाही. सशाचे तसे नाही.

आपल्या शाळेचे उदाहरण घेऊ. एका शाळेत दरवर्षी पाचवीत १०० मुले येतात आणि दहावी संपवून बाहेर पडतात. मुक्काम सहा वर्षांचा, म्हणून पटावर ६०० मुले. उद्या शाळेचे फक्त आठवी ते दहावीचे वर्ग राहिले, तर दरवर्षी १०० मुले येऊन आणि १०० बाहेर पडूनही पट ३०० होईल. पटावरची संख्या पाहून कोणी 'शाळा निम्मी झाली' म्हणेल, पण दहावीचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्यांची संख्या तीच आहे. सूत्र असे:

पट = दरवर्षीची आवक × मुक्काम (वर्षांत)

हेच सूत्र सशांना लावू. समजा, एका व्यावसायिक शेतावर १०० माद्या आहेत आणि प्रत्येकीमागे वर्षाला ५० पिल्ले वाढून विक्रीला जातात. म्हणजे वर्षाला ५००० ससे. विक्रीच्या वेळी ससा साधारण अडीच महिन्यांचा असतो. हिशेबाला सोपे जावे म्हणून ७३ दिवस, म्हणजे वर्षाचा पाचवा भाग, धरू. मग कोणत्याही एका दिवशी शेतावर ५००० × १/५ = १००० पिल्ले आणि १०० माद्या, असे ११०० ससे असतील. पशुगणनेला आलेला माणूस ११०० लिहील. कत्तलखान्याच्या वहीत ५००० पडतील. दोन्ही बरोबर!

आता तेवढेच ससे जुन्या पद्धतीने, परसात वाढवू. तिथे खाद्य म्हणजे बांधावरचे गवत, कोबीचा पाला, शिळे पाव. वाढ सावकाश होते. ससा मारायला योग्य होण्यास पाच महिने, म्हणजे १५० दिवस लागतात असे धरू. वर्षाला ५००० ससे हवे असतील तर कोणत्याही दिवशी सरासरी ५००० × १५०/३६५, म्हणजे सुमारे २०५५ पिल्ले हवीत. एका मादीमागे वर्षाला २० पिल्ले जगतात असे मानले तर माद्या हव्यात २५०. एकूण २३०० च्या आसपास.

म्हणजे परसातले ससे जाऊन त्यांची जागा शेतावरच्या सशांनी घेतली, आणि लोकांच्या ताटातले मांस एका तोळ्यानेही कमी झाले नाही, तरी गणनेतला आकडा २३०० वरून ११०० वर येतो. उतरत्या रेघेचा एक भाग हा असा आहे.

आणखी एक गुंता आहे तारखेचा. सशाच्या प्रजननावर दिवसाच्या लांबीचा परिणाम होतो. हिवाळ्यात दिवस लहान झाले की परसातल्या माद्या कमी वेळा गाभण राहतात. त्यामुळे घरोघरी ससे वाढतात ते वसंत आणि उन्हाळ्यात. नाताळपर्यंत बहुतेकांचा निकाल लागलेला असतो. अशा घरी ऑगस्टमध्ये गणना केली तर पन्नास-साठ ससे दिसतील, जानेवारीत चार माद्या आणि एक नर. व्यावसायिक शेतावर दिव्यांच्या साह्याने सोळा तासांचा 'दिवस' करतात, त्यामुळे तिथे बाराही महिने आकडा सारखाच राहतो.

ही अडचण युरोपातल्या सांख्यिकी खात्यांना ठाऊक आहे. म्हणून तिथल्या शेतांच्या सर्वेक्षणात सशांची पिल्ले मोजत नाहीत. फक्त पैदाशीच्या माद्या मोजतात. हा चांगला उपाय आहे, पण त्यावरून मांसाचा किंवा एकूण सशांचा आकडा काढायचा तर 'एका मादीमागे किती पिल्ले' हे गृहीत धरावे लागते. तिथे २० धरायचे की ५०, यावर सगळे उत्तर हेलकावे खाते.

बेचाळीस दिवसांचे चक्र

एका मादीमागे ५० पिल्ले हा आकडा कसा शक्य होतो तेही पाहण्यासारखे आहे. सशाच्या मादीला गाईसारखा ठरावीक दिवसांनी येणारा माज नसतो. नराशी संग झाला की त्या उद्दीपनाने तिच्या बीजकोशातून दहा-बारा तासांनी बीजे सुटतात. म्हणजे माणसाने वेळ ठरवली की तिचे शरीर त्या वेळेला जुळवून घेते. कृत्रिम रेतन करणाऱ्या शेतांवर नराचे काम संप्रेरकाचे इंजेक्शन करते.

व्याल्यानंतर ११ व्या दिवशी मादीचे पुन्हा रेतन करतात. गर्भकाळ ३१ दिवस. ११ आणि ३१ मिळून ४२. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. ४२ ला ७ ने पूर्ण भाग जातो! रेतन शुक्रवारी केले तर पुढचे रेतनही शुक्रवारीच येते. पिल्ले जन्मण्याचा, आईपासून तोडण्याचा, कत्तलखान्याची गाडी येण्याचा वार ठरून जातो. शेतावरच्या सगळ्या माद्या एकाच दिवशी रेतन करून एकाच दिवशी वितात, त्यामुळे रविवारची सुटी घेता येते आणि खोल्या रिकाम्या करून धुता येतात. ३६५ ला ४२ ने भागले की ८.७ येते, म्हणजे कागदावर वर्षाला जवळजवळ नऊ वेत. प्रत्येक रेतन यशस्वी होत नाही आणि काही पिल्ले मरतात, त्यामुळे प्रत्यक्षात हिशेब पन्नासच्या आसपास येतो. मादीच्या शरीराची यात काय अवस्था होते, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. अशा शेतावरच्या बऱ्याच माद्या वर्षभरात बदलाव्या लागतात.

जुना अंदाज आणि नवी वही

आता पुन्हा कोड्याकडे. १९९० च्या सुमाराचा तज्ज्ञांचा अंदाज असा होता की जगात वर्षाला १५ लाख टन सशाचे मांस तयार होते. त्यात इटलीचा वाटा ३ लाख टन, फ्रान्सचा दीड लाख आणि स्पेनचा १ लाख. अन्न व कृषी संघटनेने १९९७ मध्ये सशांवर एक सविस्तर पुस्तक काढले. जगात दरडोई वर्षाला २८० ग्रॅम सशाचे मांस खाल्ले जाते, पण नेपल्स शहरातला माणूस १५ किलो खातो, असे त्यात नोंदवले आहे.

सोललेल्या सशाचे वजन १.४ किलो धरले तर इटलीचे ३ लाख टन म्हणजे २१ कोटींहून अधिक ससे. आयोगाच्या २०१६ च्या आढाव्यात इटलीतल्या व्यावसायिक शेतांवरचे ससे सुमारे २ कोटी ४५ लाख, फ्रान्सचे २ कोटी ९० लाख, स्पेनचे ४ कोटी ८५ लाख. हे तीन देश मिळून व्यावसायिक उत्पादनाचे चार-पंचमांशाहून अधिक होतात. इटलीचे २१ कोटी कुठे आणि अडीच कोटी कुठे!

यातली घट खरी किती आणि मोजण्याच्या पद्धतीतून आलेली किती? घट झाली यात शंका नाही. आयोगाच्याच आढाव्यात व्यावसायिक उत्पादन आणि खप दोन्ही घसरत असल्याचे म्हटले आहे. पण १९९० चा आकडा म्हणजे शहरांतली विक्री, घरगुती खप, बाजारातले व्यवहार यांवरून बांधलेला अंदाज होता आणि त्यात परसातला ससा धरलेला होता. २०१६ चा अडीच कोटींचा आकडा व्यावसायिक शेतांचा आहे. परसातले ६ कोटी ससे वेगळे दाखवले आहेत ते सगळ्या संघाचे, आणि तोही अंदाजच. कारण घरच्या घरी मारून खाल्लेल्या सशाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

आंतरराष्ट्रीय तक्त्यांची एक रीत शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी. प्रत्येक आकड्याशेजारी एक छोटे खुणेचे अक्षर असते. आकडा देशाच्या सरकारने कळवलेला आहे, की अंदाजाने लिहिलेला आहे, की गणिती पद्धतीने भरलेला आहे, हे त्यावरून कळते. एखाद्या देशाने सशांचा आकडा कळवलाच नाही तर रकाना रिकामा ठेवत नाहीत. मागच्या वर्षांचा कल पाहून भरतात. त्यामुळे कधी कधी वर्षानुवर्षे सपाट किंवा फारच गुळगुळीत रेघ दिसते. जिवंत प्राण्यांच्या आलेखात थोडे खाचखळगे असायलाच हवेत. रेघ फार नितळ दिसली की ती गोठ्यातून आलेली नसून टेबलावरून आलेली आहे असे मी समजतो. आलेख काढताना मुले ही अक्षरे सोडून देतात, आणि मोठी माणसेही.

परसातला ससा का गेला?

सशाचे पालन ही अडचणीच्या काळातली गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये मांसाचे रेशनिंग होते, पण सशाचे मांस त्यात नव्हते. लोकांनी घरामागे ससे पाळले, त्यांचे क्लब काढले आणि अशा क्लबांना सशांसाठी कोंडा मिळत असे. मांसाचे रेशनिंग १९५४ मध्ये संपले आणि ससेही ओसरले. इटलीत आणि फ्रान्समध्ये ही सवय जुनी, म्हणून ती जास्त टिकली. तिथे ससे बघणे हे बहुधा घरातल्या बाईचे किंवा म्हाताऱ्या माणसाचे काम असे. सकाळी बांधावरून गवताचा भारा आणायचा, खुराडी साफ करायची, खत बागेत टाकायचे, आणि रविवारी एक ससा शिजवायचा. ससा माणसाच्या धान्यात वाटेकरी होत नाही, हा त्याचा मोठा गुण. ही माणसे गेली, मुले शहरात राहायला गेली, दुकानात स्वस्त कोंबडी मिळू लागली. त्यातच ससा हा घरात कुशीत घेऊन बसण्याचा प्राणी झाला. ज्याला नाव ठेवले त्याला शिजवणे कठीण.

रोगांनीही हात दिला. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये डॉ. आर्मां-दलील या निवृत्त वैद्याने आपल्या मायेबुआ येथील बागेतले ससे आवरावेत म्हणून दोन सशांना मिक्सोमाटोसिस या रोगाच्या विषाणूंचे इंजेक्शन दिले. बागेला भिंत होती; पण डास आणि पिसवा भिंत मानत नाहीत. वर्ष-दोन वर्षांत रोग देशभर पसरला, १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये पोचला. रानातले बहुसंख्य ससे मेले, पाळलेलेही मेले. सुजलेल्या डोळ्यांचे, रस्त्यावर आंधळे होऊन बसलेले ससे पाहून ब्रिटनमध्ये पुष्कळांनी सशाचे मांस कायमचे सोडले. डॉक्टरांवर खटला होऊन दंड झाला. पुढे त्यांना गौरवाचे पदकही देण्यात आले, कारण रोपवनांचे नुकसान टळल्याने वनाधिकारी खूश होते! एकाच कामाचे दोन हिशेब कसे होतात ते पाहा.

दुसरा रोग रक्तस्रावाचा. तो १९८४ मध्ये चीनमध्ये, जर्मनीहून आणलेल्या अंगोरा सशांत प्रथम दिसला आणि १९८६ मध्ये इटलीत पोचला. मोठा, धडधाकट ससा दोन-तीन दिवसांत मरतो. पण साधारण दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्ले या विषाणूला दाद देत नाहीत. आता आपले मुक्कामाचे सूत्र आठवा. व्यावसायिक शेतावरचा ससा अडीच महिन्यांतच विकला जातो, म्हणजे धोक्याच्या वयात तो फार थोडे दिवस राहतो. माद्यांना लस टोचली की बरेचसे भागते. परसातला ससा पाच महिने राहतो, त्याला लस नसते आणि त्याचा चारा थेट रानातून येतो. त्यामुळे रोगाची कुऱ्हाड परसावर जास्त पडली. २०१० मध्ये फ्रान्समध्ये या विषाणूचा नवा प्रकार आढळला. तो लहान पिल्लांनाही मारतो आणि माळसशांच्या काही जातींनाही. त्याने मात्र मोठ्या शेतांचाही हिशेब बिघडवला.

या साऱ्याची एक विचित्र बाजू स्पेनमध्ये दिसते. युरोपातल्या पिंजऱ्यांतला सर्वांत मोठा वाटा स्पेनचा. पण सशाचे मूळ घर असलेल्या त्याच आयबेरियन द्वीपकल्पात रानातला ससा या दोन रोगांनी इतका घटला की २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला 'संकटग्रस्त' म्हणून नोंदवले. तिथल्या आयबेरियन लिंक्स या रानमांजराला रोज साधारण एक ससा लागतो. पिंजऱ्यात कोट्यवधी ससे असताना लिंक्सला वाचवण्यासाठी रानात ससे सोडावे लागले. रकाना पाळीव सशांचा असल्याने ही घट त्यात उमटतच नाही.

आकडा कोणासाठी?

आपण म्हणाल, सशांचे आकडे थोडे इकडे तिकडे झाले तर बिघडले कुठे? बिघडते. युरोपात अंडी देणाऱ्या कोंबड्या, मांसाच्या कोंबड्या, डुकरे, वासरे यांच्यासाठी संघाचे स्वतंत्र नियम आहेत; सशांसाठी नाहीत. व्यावसायिक शेतांवरचे बहुसंख्य ससे जाळीच्या, कानही ताठ करता येणार नाहीत अशा बुटक्या पिंजऱ्यात राहत आले आहेत. ऑस्ट्रियाने २०१२ पासून असे पिंजरे बंद केले, बेल्जियमने टप्प्याटप्प्याने २०२५ पर्यंत मोकळ्या कुंपणांकडे जाण्याचा नियम केला. संघभर पिंजरे बंद करावेत या मागणीवर सुमारे १४ लाख नागरिकांनी सह्या केल्या आणि २०२१ मध्ये आयोगाने २०२३ अखेरपर्यंत कायद्याचा मसुदा आणू असे कबूल केले. ती मुदत मसुद्याविना टळली.

या वादात नियम हवा म्हणणारे मोठा आकडा सांगतात, कारण त्याने प्रश्न मोठा दिसतो. नियम नको म्हणणारे 'हा धंदा लहान आहे, घटतोच आहे, त्यासाठी वेगळा कायदा कशाला' म्हणून लहान आकड्याकडे बोट दाखवतात. माझ्या मते पिंजऱ्याच्या प्रश्नाला योग्य आकडा ११ कोटी ९० लाखांचा आहे, कारण व्यावसायिक पिंजरे तिथे आहेत. एकूण मांसाचा किंवा गावातल्या पोषणाचा विचार करायचा असेल तर परसातले सहा कोटीही धरले पाहिजेत. आणि पिंजऱ्यांची जागा किती लागेल हे काढायचे असेल तर यांतला एकही आकडा चालत नाही. तिथे वर्षाचे ससे नकोत, एका दिवसाचे ससे हवेत.

वर्गात करण्यासाठी

आपल्या देशाच्या पशुगणनेतही सशांचा रकाना असतो. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था तमिळनाडूत मन्नवनूर येथे मांसाच्या आणि हिमाचल प्रदेशात गारसा येथे अंगोरा सशांवर काम करते. तेव्हा हा प्रश्न अगदी परका नाही. आठवी-नववीच्या वर्गाला पुढील उदाहरण घालता येईल.

एका गावात ४० घरांत प्रत्येकी ५ माद्या आहेत. प्रत्येक मादीमागे वर्षाला १८ पिल्ले वाढून खाण्यास मिळतात आणि त्यांना १४६ दिवस ठेवावे लागते. दहा वर्षांनी या सगळ्या घरांनी ससे सोडले आणि गावाबाहेर ७२ माद्यांचे एक शेत झाले. तिथे मादीमागे ५० पिल्ले ७३ दिवसांत तयार होतात. (अ) दोन्ही काळात वर्षाला किती ससे मिळतात? (आ) गणनेच्या दिवशी माद्या आणि पिल्ले मिळून सरासरी किती ससे दिसतील? (इ) गणनेतला आकडा शेकडा किती घटला? (ई) ससे पाळणारी घरे किती उरली?

उत्तरे: (अ) दोन्ही वेळा ३६००. (आ) आधी २०० माद्या व १४४० पिल्ले मिळून १६४०. नंतर ७२ माद्या व ७२० पिल्ले मिळून ७९२. (इ) सुमारे ५२ टक्के. (ई) चाळिसांपैकी एकही नाही.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर यायला आकडेमोड लागत नाही, म्हणून मुले तो सोडून देतात. त्यावर थोडा वेळ थांबावे आणि या ४० घरांत गवत कोण आणत होते, ते त्यांना विचारावे.